पादत्राणांचे द्रव्य आणि हिंसेचा प्रश्न

प्राण्यापासून मिळणारा कोणताही पदार्थ न वापरता केलेल्या पादत्राणांना आज ‘व्हीगन’ हे विशेषण लावले जाते. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रचारात आणला. त्यामुळे चामड्याच्या वहाणेविषयीचा आक्षेप हाही अलीकडचा व परकीय असावा, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. ह्या आक्षेपात दोन निराळे दावे एकत्र आले आहेत: चामड्यासाठी प्राण्याचा जीव जातो हा एक, आणि चामडे तयार करताना पाणी व भूमी बिघडते हा दुसरा. पहिला फार जुना आहे. दुसरा आजच्या स्वरूपात एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्राने निर्माण केला.

पादत्राणे कशाची असावीत ह्याचा भारतातील सर्वांत जुना सविस्तर विचार पाली विनयपिटकातील महावग्गाच्या पाचव्या खंधकात सापडतो. ह्या प्रकरणाचे नावच ‘चम्मक्खंधक’, म्हणजे चर्मविषयक प्रकरण, असे आहे. आजच्या वाचकाला त्यातील क्रम अनपेक्षित वाटेल. श्रेष्ठिपुत्र सोण कोळिविस ह्याचे सुकुमार पाय चंक्रमणात रक्तबंबाळ झाले, तेव्हा बुद्धाने भिक्षूंना एकपदरी वहाणेची अनुज्ञा दिली. चर्म तेथे मुळातच निषिद्ध नाही. उलट निषेध येतो तो लाकडी पादुकांवर. काही भिक्षू पहाटे खडावा घालून मोठ्याने बोलत फिरत. त्यांच्या पायांखाली किडे चिरडत आणि इतरांची समाधी भंग पावे. पुढे वाराणसीस त्यांनी कोवळे ताड तोडवून ताडपत्रांच्या पादुका केल्या. तोडलेली रोपे वाळून गेली. वृक्षालाही जीव आहे असे मानणारे लोक कुरकुरू लागले, आणि त्याही पादुका वर्ज्य ठरल्या. वेळूच्या पानांच्या पादुकांचे तेच झाले. गवताच्या व लोकरीच्या पादुका विणण्यात भिक्षूंचा अध्ययनाचा वेळ जाऊ लागला, म्हणून त्यांवरही बंदी आली.

ह्याच खंधकात वासराची कथा आहे. एका भिक्षूला एका उपासकाचे ठिपकेदार वासरू आवडले. उपासकाने ते मारून त्याचे कातडे भिक्षूला दिले आणि वासराची आई त्या भिक्षूच्या मागोमाग विहारापर्यंत चालत आली. त्यानंतर हत्येस प्रवृत्त करणे व गोचर्म बाळगणे ही दोन्ही निषिद्ध झाली. म्हणजे विनयकारांची दृष्टी पदार्थाच्या नावावर थांबत नाही. तो पदार्थ मिळवताना काय नष्ट झाले, कोणाला उपद्रव झाला, हे ते प्रत्येक वेळी पाहतात. चर्मरहित वस्तू तेवढ्यानेच निर्दोष ठरते, हे त्यांनी कोठेही गृहीत धरलेले नाही.

प्रकरणाच्या शेवटी अवंती व दक्षिणापथ येथील काळी, खरबरीत, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली भूमी हे कारण सांगून सीमाप्रदेशातील भिक्षूंसाठी अनेकपदरी वहाणांची सवलत मागितली जाते व ती मिळते. ज्या संस्कृत ‘उपानह्’ शब्दापासून पालीतील ‘उपाहना’ हा शब्द आला, त्यापासूनच मराठी ‘वहाण’ सिद्ध झाला. दख्खनच्या काळ्या मातीत ह्या शब्दाने मूळ धरावे, हे त्या मातीचे वर्णन वाचल्यावर नवलाचे वाटत नाही. मराठीने ‘कातडे’ आणि ‘चामडे’ असा भेदही राखला आहे. पहिले जनावराच्या अंगावरून उतरवलेले; दुसरे संस्कार करून टिकाऊ केलेले. ह्या संस्काराला ‘कमावणे’ म्हणतात. ह्या क्रियापदाच्या मुळाशी ‘कर्म’ आहे, आणि मिळकतीसाठीही आपण तेच क्रियापद वापरतो.

कमावण्याची जुनी रीत चुना, बाभळीची साल आणि हिरडा ह्यांची होती. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने असेच कमावले जाते. काम आठवडे चाले. दुर्गंधीमुळे ही जागा गावाबाहेर असे, आणि काम करणाऱ्यांनाही गावाने बाहेरच ठेवले. ही रीत स्वच्छ होती असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा होईल; मात्र तिचा मळ वनस्पतिज होता व प्रमाण गावापुरते होते. १८५८ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख क्नाप ह्याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे दाखविले, आणि १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्त्झ ह्याने त्याची व्यापारी पद्धती पेटंट केली. आठवड्यांचे काम एका-दोन दिवसांत होऊ लागले. आज जगातील बहुतांश चामडे ह्याच रीतीने तयार होते. कातड्यात न मुरलेला क्रोमियम, कातडे टिकविण्यासाठी लावलेले मीठ आणि केस काढण्यासाठी वापरलेले सल्फाइड हे सारे सांडपाण्याबरोबर जाते. कानपूरजवळील जाजमऊ येथे त्याचा भार गंगेवर पडला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शुद्धीकरण नसलेले कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. तामिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यात विहिरी खारट झाल्या व शेते नापीक बनली. त्या प्रकरणात १९९६ च्या निकालाने ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी’ हे तत्त्व भारतीय कायद्यात दृढ केले.

चामड्याला पर्याय म्हणून आलेल्या द्रव्यांचा इतिहासही निष्कलंक नाही. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने १९६४ च्या सुमारास बाजारात आणलेले ‘कॉरफॅम’ पायात सैल होत नसे, हवाही तितकीशी खेळू देत नसे, आणि १९७१ मध्ये कंपनीने ते सोडून दिले. त्याची जागा घेणारे पीव्हीसी व पॉलियुरेथेन खनिज तेलातून येतात आणि मातीत कुजत नाहीत. अननसाच्या पानांच्या तंतूंपासून कार्मेन इहोसा ह्यांनी सिद्ध केलेल्या ‘पिनाटेक्स’लाही रेझिनचा लेप लागतोच. ताडपत्रांच्या पादुकांवरील आक्षेप येथे वेगळ्या वेषात परत येतो.

तिसरा मार्ग गांधीजींनी सुचविला होता: नैसर्गिक मरणाने मेलेल्या गुरांचेच कातडे वापरावे. १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर ह्यांनी चर्मालय चालवून हा प्रयोग केला. हत्या आणि नासाडी ह्या दोहोंतून सुटणारे हे उत्तर तर्कदृष्ट्या सर्वांत सुसंगत म्हणावे लागेल. परंतु मेलेले गुरू ओढून नेऊन सोलायचे कोणी, हा प्रश्न त्यात जातिव्यवस्थेने आधीच सोडवून ठेवलेला होता. मृत जनावराशी जखडलेल्या ह्या जिण्यातून बाहेर पडण्याचे आवाहन डॉ. आंबेडकरांनी १९२७ पासून महाड येथे व पुढे वारंवार केले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना जाहीर मारहाण झाली. त्यानंतर त्या राज्यातील अनेक गावांत ह्या कामावर बहिष्कार पडला, आणि सुरेंद्रनगर येथे मेलेली गुरे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीसमोर आणून टाकण्यात आली.