काकाडू : वाडवडिलांचे वतन

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन शहर आहे. तेथून पूर्वेकडे सुमारे २५० किलोमीटर प्रवास केला की जबिरू हे लहानसे गाव लागते. त्याच्या चहूकडे काकाडू राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. उद्यानाचे क्षेत्रफळ २०,००० चौरस किलोमीटरांच्या जवळपास भरते. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा त्यात सहज मावेल. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर १९८१ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आम्ही तेथे गेलो ते पशुपक्षी पाहण्याच्या हौसेने. पण तेथील जमिनीची कहाणीच आम्हाला अधिक मोलाची वाटली.

निसर्गाविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. पाहुण्यांना येथे ओला आणि कोरडा असे दोनच ऋतू जाणवतात. उद्यानाच्या उत्तर भागातील बिनिंज लोक मात्र सहा ऋतू मोजतात. आपण नाताळच्या थंडीत गव्हाणी सजवत असतो, त्या सुमारास तेथे वादळे गर्जू लागतात. मग मुसळधार पावसाने मैदानेच्या मैदाने पाण्याखाली जातात. कोरड्या दिवसांत पाणी ओसरते आणि उरलेल्या डोहांवर हजारो रानहंस, बगळे व बदके गोळा होतात. भारतातही आढळणाऱ्या काळ्या मानेच्या करकोच्याला येथे जबिरू म्हणतात. आपल्या तळ्यांत फुलते तेच गुलाबी कमळ येथेही फुलते. त्या कमळांच्या पानांआड खाऱ्या पाण्यातील अजस्र मगर निश्चल पडून असते. थंडीच्या प्रारंभी आदिवासी गवताला जागोजागी लहान लहान आगी लावतात, त्यामुळे पुढे मोठा वणवा भडकत नाही. पाहणाऱ्याला जे निव्वळ रान वाटते, त्याची अशी निगा पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली आहे.

ही निगा किती जुनी, याची साक्ष खडक देतात. उबिर येथील कातळावर थायलसीन या पट्टेरी प्राण्याचे चित्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो प्राणी नाहीसा होऊन दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली. शेजारीच माशांची चित्रे आहेत. त्यांत माशाच्या अंगातील हाडेही रेखलेली दिसतात, जणू क्ष-किरणांनीच तो मासा पाहिला असावा. कपडे घातलेला गोरा माणूसही त्याच कातळावर येऊन दाखल झाला आहे. बुरुंगकुय येथील वीजपुरुष नामार्गोन आणि इतर आकृती नायोम्बोल्मी या चित्रकाराने १९६४ साली रंगविल्या. म्हणजे ही परंपरा आमच्या हयातीपर्यंत चालत आली. मादजेदबेबे या गुहेतील उत्खननाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार तेथील मानवी वस्ती सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीची ठरते. अब्राहामाने ऊर नगर सोडले, त्याच्याही कितीतरी आधी येथे माणसे दगडी कुऱ्हाडींना धार लावीत होती.

असे असूनही युरोपियनांनी या खंडाला कोणाच्याच मालकीची नसलेली भूमी मानले. १७८८ साली सिडनी येथे इंग्रजांची वसाहत झाली, ती याच समजुतीवर. १८१८ मध्ये फिलिप पार्कर किंग या नौदल अधिकाऱ्याने काकाडूच्या नद्या पाहिल्या. मगरींना त्याने अ‍ॅलिगेटर समजून नद्यांना तेच नाव दिले. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिगेटर नाहीत. नाव मात्र आजही नकाशावर आहे. इंग्रजांच्या उत्तरेकडील ठाण्यांनी आशियातून म्हशी आणल्या. ठाणी उठली, म्हशी रानात मोकाट वाढल्या आणि त्यांच्या खुरांखाली पाणथळ जागांची नासाडी झाली. त्याच किनाऱ्यावर, पोर्ट एसिंग्टन येथे, १८४६ साली फादर अँजेलो कोन्फालोनिएरी हे इटालियन धर्मगुरू आले. वाटेत जहाज फुटून त्यांचे दोन्ही सोबती बुडाले होते. एकाकी राहून ते आदिवासींची भाषा शिकले व त्या भाषेत त्यांनी प्रार्थना लिहिल्या. कोणत्या टोळीची भूमी कोणती, हे दाखविणारा नकाशाही त्यांनी काढला. १८४८ मध्ये तापाने त्यांचे निधन झाले. इतरांच्या नकाशात जेथे रिकामी जागा होती, तेथे या धर्मगुरूने माणसांची नावे लिहिली, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

विसाव्या शतकात या जमिनीखाली युरेनियम सापडले आणि कसोटीची वेळ आली. १९७६ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेने उत्तर प्रदेशातील आदिवासींना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला. खाणीला नकार देण्याचा अधिकारही त्यात होता. परंतु रेंजर या खाणीपुरता तो अधिकार त्याच कायद्याने काढून घेतला. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले. १९७९ मध्ये उद्यानाचा पहिला भाग जाहीर झाला. आदिवासींनी आपली जमीन सरकारला भाडेपट्ट्याने दिली आणि १९८९ पासून व्यवस्थापन मंडळात त्यांचे बहुमत आहे. मध्यभागी मात्र रेंजरची खाण २०२१ पर्यंत चालू होती.

जबिलुका येथे दुसरी खाण होऊ घातली, तेव्हा मिरार कुळाच्या इव्हॉन मार्गारुला यांनी ठाम विरोध केला. १९९८ साली हजारो लोक रस्ता अडवून बसले. पाचशेहून अधिकांना अटक झाली. २०२४ मध्ये सरकारने त्या खाणीच्या पट्ट्याचे नूतनीकरण नाकारले. जपानमधील फुकुशिमा अणुकेंद्राचा अपघात झाला, तेव्हा याच मार्गारुला यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना पत्र लिहून दुःख व्यक्त केले होते. आपल्या जमिनीतून, आपल्या इच्छेविरुद्ध निघालेले युरेनियम तेथे पोहोचले असावे, ही बोच त्यामागे होती.

बुरुंगकुयच्या चित्रांपासून जवळच कूंगारा नावाची जागा आहे. तिच्या पोटातही युरेनियम आहे. द्जोक कुळाचे जेफ्री ली हे तिचे एकमेव ज्येष्ठ वारसदार. एका फ्रेंच कंपनीला तेथे खाण हवी होती. त्यांनी होकार दिला असता तर ते धनाढ्य झाले असते. त्यांनी तो दिला नाही. २०११ साली कूंगारा जागतिक वारशात समाविष्ट झाले आणि २०१३ मध्ये उद्यानाचा भाग बनले.

येथे आम्हाला जुन्या करारातील नाबोथाची आठवण झाली. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्यासाठी त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. व्यवहार म्हणून तो वावगा नव्हता. तरीही वाडवडिलांचे वतन विकणे हा नाबोथाच्या दृष्टीने देवाचा अपराध होता. नाबोथाला दगडमाराने प्राण गमवावे लागले. काकाडूच्या नाबोथाला न्याय मिळाला, हे आपल्या काळाचे भाग्यच म्हणायचे.

तथापि सारे सुरळीत झाले असे मानू नये. २०१९ साली उद्यानाच्याच प्रशासनाने गुनलोम धबधब्यावर आदिवासींच्या पवित्र स्थळाजवळ, रीतसर परवानगी न घेता पायवाट बांधली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पवित्र स्थळांचा कायदा प्रशासनालाही लागू होतो, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. एखाद्या सरकारी खात्याने सोयीसाठी आपल्या वेदीवरून रस्ता काढला, तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार वाचकांनी करून पाहावा.

ख्रिस्तसभेलाही या इतिहासात आत्मपरीक्षण चुकलेले नाही. १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींना सांगितले की, त्यांचे योगदान आनंदाने स्वीकारले जाईपर्यंत ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तसभा अपुरीच राहील. पंधराव्या शतकातील पोपच्या सनदांचा आधार घेऊन परक्या भूमी बळकावण्याचा सिद्धांत रूढ झाला होता. ज्या पोर्तुगीज पादरोआदोच्या छत्राखाली वसई आणि गोव्याची ख्रिस्तसभा वाढली, त्याची मुळेही त्याच सनदांत आहेत. हा सिद्धांत कॅथोलिक शिकवणुकीचा भाग नाही, असे व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले. खुद्द ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मालकहीन भूमीची कल्पना १९९२ सालीच फेटाळली होती. २०२२ मध्ये काकाडूची उरलेली जवळजवळ निम्मी जमीनही मूळ मालकांच्या नावावर झाली.

काकाडूला जाणाऱ्यांनी मगरी जरूर पाहाव्यात, चित्रांपुढे नम्र होऊन उभे राहावे. कूंगाराला मात्र दाखविण्यासारखे काहीच उभारलेले नाही. तेथे झाडे आहेत, गवत आहे, पावसाळ्यात वाहणारे पाणी आहे. एका माणसाने आपले वतन विकले नाही, म्हणून ते आहे.