अनामतीची कुळकथा

सुरतेच्या महीधरपुऱ्यातील हिरेबाजारात लाखमोलाचा माल कागदाच्या पुडीत घातला जातो आणि केवळ शब्दावर या हातातून त्या हातात जातो. अशा विश्वासाने सोपविलेल्या ठेवीला अरबीत 'अमानत' म्हणतात, आणि फारसीच्या वाटेने हा शब्द मराठी दफ्तरात शिरला तेव्हा 'म' आणि 'न' यांनी आपसांत जागा बदलून त्याची 'अनामत' केली.

विश्वासाच्या पोटी जन्मलेला हा शब्द निवडणुकीच्या कायद्यात मात्र अविश्वासाच्या कामाला जुंपला गेला. हौशे, नवशे आणि गवशे यांनी गर्दी करू नये, म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १९१८ साली प्रत्येक उमेदवाराकडून दीडशे पौंड ठेवून घेण्याची प्रथा पाडली. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभेसाठी ५०० रुपये ठरविले, अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारांना निम्मे. आणि वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक मते न पडल्यास रक्कम सरकारजमा. (स्मृतिकारांनी राजाला दिलेला षड्भाग येथे प्रजेकडे परत आला, असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो योगायोगच असावा.)

लोकशाही म्हणजे मतांसाठी चाललेली स्पर्धा, असे शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञाने १९४२ साली मांडले. त्या दृष्टीने अनामत ही या बाजारपेठेच्या वेशीवरची जकात. जकात गोठलेली राहिली, रुपया मात्र वितळत गेला. इतका, की १९९६ साली सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी एकट्या बेळगावातून ४५६ जण लोकसभेला उभे राहिले. देशभरातील आकडा होता १३,९५२. त्याच वर्षी अनामत १०,००० झाली, अपक्षाला दहा सूचक आणणे भाग पडले, आणि १९९८ साली उमेदवार उरले ४,७५०. पुढे रक्कम २५,००० वर गेली.

सुधारकांचे सारे लक्ष असे आत येणाऱ्यावर खिळलेले राहिले. मुदतीत माघार घेणाऱ्यास अनामत परत मिळते, बाहेर जाण्यास जकात नाही. २०२४ साली सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, २२ एप्रिलला उरलेल्या आठांनी माघार घेतली, आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. अनामत कोणाचीच जप्त झाली नाही. ७ मे रोजी लिंबायत-उधन्यातील खानदेशी कामगार मतदानाच्या रांगेत उभे होते, कारण त्यांचा मतदारसंघ नवसारी; त्याच शहरातल्या वराछा-कतारगामात मात्र मतदानकेंद्रच उघडले नव्हते.