पाळण्यात दिसलेले पाय

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे आपण सहज म्हणून जातो. पण पाय दिसल्यावर घरच्यांनी काय करावे, हे ती म्हण सांगत नाही. आमच्या खानापूर तालुक्यात एखादे मूल वर्गाच्या चार पावले पुढे निघाले, की आईवडील शाळेत येतात आणि नेमके हेच विचारतात. कोरडा उपदेश करण्यापेक्षा मी त्यांना आपल्याच मुलखातील इतिहास सांगतो.

खानापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की बेळगावनंतर सुळेभावी हे गाव येते. ८ एप्रिल १९२४ रोजी तेथील एका कन्नड भाषिक घरात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. घरात गाणे होतेच. सहा-सात वर्षांचे असताना हे बालक एकाएकी गाऊ लागले. नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायच्या आणि त्या हुबेहूब गाऊन दाखवायच्या, असे हे नवल होते. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्याला बालपणीच मिळाले, गावोगाव जलसे झाले आणि श्रोते थक्क होऊन घरी गेले.

गोष्ट येथेच थांबली असती तर? असे कितीतरी बालकलावंत मिसरूड फुटेपर्यंत विस्मृतीत जातात. परंतु १९३६ च्या सुमारास या मुलाच्या आयुष्याला वळण मिळाले. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधर यांचे संगीत विद्यालय होते. देवधर मूळचे मिरजेचे, पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. जलसे गाजवून आलेला हा मुलगा त्यांच्याकडे साधा विद्यार्थी होऊन राहिला. देवधरांकडे नाना घराण्यांच्या गवयांची ये-जा असे. त्यांनी मुलाला एकाच साच्यात कोंबले नाही. ऐकायला, पारखायला आणि विचार करायला शिकविले. लोकांनी टाळ्या दिल्या त्या नकलेला. गुरूने शोधले ते त्या नकलेमागचे सामर्थ्य. पुढे माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग बांधणारे, १९६५ साली ‘अनूपरागविलास’ सिद्ध करणारे आणि १९९० मध्ये पद्मविभूषण ठरलेले कुमारजी या वर्षांतून घडले.

‘गाण्याचे ठीक आहे गुरुजी, पण शाळेच्या अभ्यासाचे काय?’ असे पालक विचारतात. मग मी दुसरे उदाहरण देतो. डॉ. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले आणि बनारसमध्ये वाढले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकण्यासाठी त्यांच्याकडे राहायला आले. घरातल्या फळ्यावर ते भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानेपर्यंत, फळा पुसायचा नाही! ना गुण, ना बक्षीस; समोर फक्त एक न सुटलेला प्रश्न.

आपल्यासारख्या दुभाषिक मुलखाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नारळीकरांची शाळा हिंदी माध्यमाची होती, पुढे केंब्रिजचे शिक्षण इंग्रजीत झाले; तरी घरची मराठी सुटली नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने धाडली आणि पहिले बक्षीस मिळविले. माध्यम कोणते निवडावे, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झडतात. पण शाळेत कन्नड असो, मराठी असो वा इंग्रजी, घरची भाषा राखण्याचे काम घरानेच करायचे असते.

सर्वांच्या घरी असा मामा नसतो, हे मला ठाऊक आहे. आईवडील शेतात राबणारे असतील, स्वतः फार शिकलेले नसतील. तरीही त्यांना पुष्कळ करता येते. शाळेत आल्यावर ‘किती गुण पडले?’ एवढेच विचारू नका. ‘याला अजून न येणारे असे तुम्ही काय देता?’ असेही विचारा. हुशार मुलाचे काम आधी आटोपते. मग पुष्कळदा त्याला हाताची घडी घालून बसविले जाते, नाहीतर इतरांच्या वह्या तपासायला लावतात. त्या वेळी त्याच्या हाती वरच्या इयत्तेचे पुस्तक पडावे, एवढा आग्रह जरूर धरा. गावात निवृत्त शिक्षक असतील, वाचनालय असेल, तर तेथे त्याला नेऊन सोडा. भातलावणीच्या दिवसांत त्यालाही भावंडांबरोबर चिखलात उतरू द्या. बुद्धी काही भिजून जात नाही.

आणि शाल-श्रीफळाची घाई नको. सत्काराच्या व्यासपीठावर मूल जे येते तेच पुन्हा दाखवीत राहते. जे येत नाही ते शिकायला त्याला गुरूपाशी, निवांत बसावे लागते. सुळेभावीच्या त्या मुलाला हे वेळीच लाभले. आपल्या मुलालाही ते लाभावे, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.