शिकवण्या करणारा गणिती : अब्राहम डी मॉयव्हर

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कॉम्प्लेक्स नंबर्सच्या धड्यात 'डी मॉयव्हर्स थिअरम' घोकले असेल. हा डी मॉयव्हर परक्या देशात घरोघरी जाऊन शिकवण्या घेत पोट भरत होता, हे मात्र आपल्या पुस्तकात कुठे नव्हते.

फ्रान्समधून लंडनला

अब्राहम डी मॉयव्हरचा जन्म १६६७ सालचा, फ्रान्समधला. घराणे प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये राजा चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि हजारो कुटुंबे देश सोडून गेली. डी मॉयव्हरही विशीतच लंडनला आला. जवळ होते ते फक्त गणित.

शिकवण्यांना मागणी का होती?

त्या काळी इंग्लंडच्या शाळांत भर असे तो लॅटिन आणि ग्रीकवर. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी हवी तर इंग्लंडच्या अधिकृत चर्चची तत्त्वे मान्य करावी लागत. त्यामुळे ज्या उमरावाला किंवा सधन गृहस्थाला खरोखर गणित शिकायचे असे, तो घरी शिक्षक बोलावी. डी मॉयव्हरचे शिष्य मोठमोठे होते. त्यांतला मार्टिन फोक्स पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' ग्रंथ १६८७ मध्ये निघाला. तो वाचायला डी मॉयव्हरला सलग वेळ मिळेना. तेव्हा त्याने पाने फाडून खिशात ठेवली आणि एका शिकवणीहून दुसरीकडे जाताना ती वाचली, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. म्हातारपणी न्यूटन प्रश्न विचारायला आलेल्यांना डी मॉयव्हरकडे पाठवी, अशीही आठवण सांगितली जाते.

पत्रे हेच विद्यापीठ

विद्यापीठात जागा नसलेल्या माणसाला विद्वानांची संगत पत्रांतूनच मिळत असे. डी मॉयव्हरचा पहिला निबंध १६९५ मध्ये त्याचा मित्र हॅलीने (धूमकेतूवाला!) रॉयल सोसायटीपुढे ठेवला. दोन वर्षांत तो तिथे सभासदही झाला. स्वित्झर्लंडचा गणिती योहान बेर्नुलीशी १७०४ पासून सुमारे दहा वर्षे त्याचा पत्रव्यवहार चालला. १७०७ च्या एका पत्रात तो लिहितो की सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवण्या चालतात आणि शहर मोठे असल्याने बराच वेळ नुसता चालण्यात जातो. रोज तास-दीड तास ट्रेनमध्ये घालवणाऱ्यांना हे पटेल! कुठे प्राध्यापकाची जागा मिळावी म्हणून बेर्नुली आणि लायब्निझ यांच्याकडे शब्दही टाकला गेला. जागा शेवटपर्यंत मिळाली नाही.

तरीही काम थांबले नाही. १७१८ मध्ये संभाव्यतेवरचा 'डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस' हा ग्रंथ आला. १७३३ मध्ये त्याने काही पानांची लॅटिन पुस्तिका छापून मित्रांमध्ये वाटली. आज ज्याला 'बेल कर्व्ह' म्हणतात, त्याचे गणित प्रथम त्या पुस्तिकेत आले. आपल्या अप्रेझलला हाच बेल कर्व्ह आडवा येतो, त्याला बिचारा डी मॉयव्हर काय करणार!

भारताशी एक धागा

डी मॉयव्हरचा समकालीन विल्यम जोन्स हाही लंडनमध्ये गणिताच्या शिकवण्या करी. वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह त्याने १७०६ मध्ये वापरले. त्याचाच मुलगा सर विल्यम जोन्स. तोही तरुणपणी एका उमरावाच्या मुलाचा खाजगी शिक्षक होता. पुढे न्यायाधीश म्हणून कलकत्त्याला गेल्यावर त्याने १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन केली आणि १७८९ मध्ये कालिदासाच्या 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

डी मॉयव्हर १७५४ मध्ये, ८७ व्या वर्षी लंडनमध्येच वारला. त्याच वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला परदेशी सभासद म्हणून निवडले होते. ज्या देशातून तो बाहेर पडला, त्या देशाने त्याची दखल घेतली, पण परदेशी म्हणून. मुलांना हे थिअरम शिकवाल तेव्हा एवढी गोष्टही जरूर सांगा.