पेटीवर ‘देवगड’, आत भलताच आंबा! हापूसचे नाव कसे राखले जाते, खरा आंबा कसा ओळखायचा?

मार्च ते मे या तीन महिन्यांत ‘देवगड हापूस’ असे छापलेल्या पेट्या महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक शहरात दिसतात. त्यातला सगळाच माल देवगड तालुक्यातला नसतो. परराज्यातला, मुख्यतः कर्नाटकातला हापूस कोकणच्या पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये भरायचा, वर देवगड किंवा रत्नागिरीचे नाव टाकायचे आणि चढ्या दराने विकायचा, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे.

यात दोघांचे नुकसान होते. गिऱ्हाईक देवगडचे पैसे मोजून दुसराच आंबा घरी नेते. आणि वर्षभर कलमांची राखण करून, फवारणी, राखणदार, काढणीचा खर्च सोसलेल्या बागायतदाराचा दर नेमका हंगामाच्या मध्यावर पडतो. शिवाय आंबा बेचव निघाला की बदनामी होते ती देवगडचीच.

जीआय म्हणजे काय?

भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, हे एका माणसाचे किंवा कंपनीचे नसते. विशिष्ट भागातल्या मातीमुळे, हवामानामुळे किंवा कसबामुळे मालाला जो गुण येतो, त्याचे नाव त्या भागातल्या उत्पादकांसाठी राखून ठेवले जाते. यासाठीचा कायदा 1999 चा असून तो सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. नोंदणीचे कार्यालय चेन्नईत आहे.

कोकणच्या हापूसला हे मानांकन ऑक्टोबर 2018 मध्ये मिळाले. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था यांच्यासह उत्पादकांच्या संस्था नोंदणीधारक आहेत.

राज्यात हापूस एकटा नाही. वेंगुर्ल्याचा काजू, घोलवडचा चिकू, लासलगावचा कांदा, सांगलीची हळद, मंगळवेढ्याची ज्वारी, भिवापूरची मिरची, सोलापूरची चादर, पैठणी अशा बऱ्याच मालाला जीआय आहे. नावाची नक्कल हे दुखणे यातल्या अनेकांचे आहे.

नुसता सातबारा पुरत नाही

जीआय मिळाले म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येकाला आपोआप हक्क मिळाला, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. बागायतदाराने स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. 2020 मध्ये नियम बदलून या अर्जाचे शुल्क 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणले गेले. नोंद जास्तीत जास्त 10 वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करावे लागते. अर्जाची कागदपत्रे कोणती लागतात, याची माहिती आपल्या भागातल्या नोंदणीधारक संस्थेकडे मिळते.

अनेकांची नोंद नसेल, तर खरा बागायतदारही कागदावर कच्चा पडतो. नक्कल करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

स्वतःचा ब्रँड काढायचा असेल तर

काही बागायतदार थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतात. त्यांनी आपल्या बागेचे नाव व चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घ्यावे. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे 4,500 रुपये शुल्क आहे आणि नोंदणी 10 वर्षांची असते. मात्र ‘देवगड हापूस’ हेच नाव कुणाला स्वतःच्या मालकीचे करून घेता येत नाही. ते सगळ्यांचे सामायिक नाव आहे. जीआय सांगते माल कुठला, ट्रेडमार्क सांगतो माल कुणाचा. पेटीवर दोन्ही असले तर उत्तमच.

देवगडचे स्टिकर कसे चालते?

कायदा असूनही पेटीतला आंबा कुठला, हे बाजारात सिद्ध कसे करायचे, हा खरा पेच होता. यावर देवगडच्या संस्थेने 2025 च्या हंगामात प्रत्येक फळावर लावायचे खास स्टिकर आणले. त्याची रचना साधी पण पक्की आहे.

प्रत्येक स्टिकरवर वेगळा क्रमांक असतो. क्रमांकाचा अर्धा भाग वर दिसतो, अर्धा आत दडलेला असतो. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो संस्थेने दिलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवायचा. यंत्रणा आतला क्रमांक विचारते. तो पाहायचा तर स्टिकर काढावाच लागतो. काढलेले स्टिकर दुसऱ्या फळावर पुन्हा वापरता येत नाही. दोन्ही भाग जुळले तरच फळ खरे.

दुसरी मेख त्याहून महत्त्वाची आहे. बागायतदाराला स्टिकर मिळतात ते त्याच्या झाडांच्या संख्येवर आणि उत्पादनाच्या अंदाजावर. त्यामुळे शंभर कलमांच्या बागेच्या नावावर हजार कलमांचा आंबा खपवता येत नाही. बाहेरचा माल आणून आपल्या पेटीत भरणाऱ्या स्थानिकांनाही यामुळे चाप बसतो.

पण गिऱ्हाइकाने तपासलेच नाही, तर स्टिकर म्हणजे नुसता शोभेचा कागद.

डोळ्यांनी ओळखता येतो का?

अंदाज येतो, खात्री नाही. कोकणचा हापूस साधारण पातळ सालीचा, कापल्यावर केशरी गराचा असतो, आणि पिकल्यावर त्याचा वास खोलीभर पसरतो. कर्नाटकातल्या हापूसची साल त्या मानाने जाड, आतला रंग फिका पिवळा, अशी बागायतदारांची ओळख आहे. वरून मात्र दोन्ही सारखेच दिसतात. पेटीत वरच्या थराला कोकणचा आणि खाली दुसरा, असेही होते. म्हणून खालचा थर बघितल्याशिवाय पेटी घेऊ नये.

बाहेरून पिवळाधमक, पण आत आंबट आणि वास नाही, असा आंबा दिसला तर तो घाईने पिकवलेला असू शकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यावर देशात बंदी आहे. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.

कायदा काय म्हणतो?

जीआयचे खोटे नाव लावून माल विकणे हा गुन्हा आहे. त्याला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करू शकतो. पण त्याआधी चेन्नईच्या निबंधकाचे मत घ्यावे लागते. आंबा आठ-दहा दिवसांत संपणारा माल. कागद फिरेपर्यंत पेटी विकून, खाऊन झालेली असते. म्हणूनच फळावरचा पुरावा आणि गिऱ्हाइकाची पावती यांना एवढे मोल आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट असावी. परराज्यातला शेतकरीही कष्टानेच आंबा पिकवतो आणि त्याचा माल इथल्या बाजारात यायला बंदी नाही. गुन्हा आहे तो खोटा पत्ता सांगण्यात.

फसवणूक झाली तर हे करा

- पक्की पावती मागा. त्यावर ‘देवगड हापूस’ असे लिहून घ्या.
- पेटी, छापील मजकूर, स्टिकर आणि कापलेल्या फळाचे फोटो काढून ठेवा.
- आधी विक्रेत्याला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर कळवले तरी तो संदेश जपून ठेवा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.
- तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत दाद मागता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही.
- देवगडच्या नावाचा गैरवापर दिसला तर संबंधित उत्पादक संस्थेलाही कळवा. कायदेशीर पाठपुरावा करण्याचा हक्क त्यांना आहे.

बागायतदारांसाठी सांगायचे तर, हंगाम सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मोहोर येण्याआधीच अधिकृत वापरकर्त्याची नोंद, झाडांची मोजणी आणि स्टिकरची मागणी उरकून घेतलेली बरी.