तोफेच्या आवाजाबरोबर धावलो तर?

लोहगडावर पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर विसापूर. थेट अंतर साधारण २ किलोमीटर. आपल्याला गायमुख खिंडीत उतरून परत चढायचं म्हणजे घाम निघतो; आवाजाला मात्र सहाएक सेकंद पुरतात.

४ मार्च १८१८ ला कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने विसापूर घेतला. तो लोहगडापेक्षा उंच, म्हणजे तिथे तोफा चढल्या की लोहगडाचं काही खरं नाही. दुसऱ्याच दिवशी लोहगड न लढता गेला. (ट्रेकला जाणारे आपण फोटो काढतो लोहगडाचे, पण किल्ली विसापुरात होती!)

आता समजा विसापुरावर तोफ उडाली. लोहगडावरच्या पहारेकऱ्याला आधी जाळ दिसणार, मग सहा सेकंदांनी धडाम्. मला त्या मधल्या सहा सेकंदांत रस आहे. त्या आवाजाच्या शेजारून, त्याच वेगाने, ताशी सव्वा बाराशे किलोमीटरने निघालो तर?

पहिली गंमत म्हणजे काहीच ऐकू येणार नाही. कानाला कळतो तो हवेच्या दाबातला बदल. आपण लाटेच्या माथ्याबरोबरच चाललो तर दाब जिथल्या तिथे. (समोरून येणाऱ्या भयानक वाऱ्याचं काय, असं विचारू नका. विचारप्रयोग आहे.)

दुसरी गंमत जास्त मोठी, आणि ती खुद्द न्यूटनकडून निसटली. त्याने कागदावर आवाजाचा वेग काढला तो सेकंदाला ९७९ फूट. तिकडे विल्यम डेरहॅम नावाच्या पाद्र्याने चर्चच्या मनोऱ्यावरून, लांबच्या बंदुकांचा जाळ आणि आवाज यांतलं अंतर मोजून आकडा काढला ११४२ फूट. चांगली १५ टक्क्यांची चूक! मग न्यूटनने १७१३ च्या आवृत्तीत काय केलं? हवेतले घन कण, पाण्याची वाफ वगैरे कारणं जोडून आकडा बरोबर जुळवला. आमच्या धंद्यात याला पॅच मारणं म्हणतात. रिलीजच्या आदल्या रात्री सगळेच मारतात, पण न्यूटनने मारावा?

खरा बग पुढे लाप्लासने १८१६ मध्ये पकडला. न्यूटनने धरलं होतं की लाट जाताना हवेचं तापमान बदलत नाही. पण दाबलेली हवा तापते (सायकलचा पंप आठवा), आणि लाट इतक्या झटक्यात पुढे सरकते की ती उष्णता आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही. मोठ्याने बोललं तरी हा फरक अंशाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. पण आपण लाटेबरोबर धावत असतो तर माथ्यावरची हवा सतत किंचित गरम लागली असती. तापलेली हवा जास्त जोराने उसळते, म्हणून आवाज न्यूटनच्या हिशोबापेक्षा वेगात जातो.

विसापूर पडल्यावर दोन-तीन वर्षांतच, १८२०-२१ मध्ये, मद्रास वेधशाळेच्या जॉन गोल्डिंगहॅमने तिथल्या किल्ल्यावरच्या आणि सेंट थॉमस माउंटच्या तोफांचे आवाज वेळ लावून महिनोन् महिने मोजले. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, हे त्याच्या आकड्यांत स्वच्छ दिसलं. त्या हिशोबाने विसापूरची तोफ मार्चच्या दुपारी लोहगडावर पोचायची ती जानेवारीतल्या गार पहाटेपेक्षा साधारण पाव सेकंद आधी.