पेंग्विनची संगत



2025 च्या दिवाळीत धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. "ताई, आमच्या कॉम्प्युटरचं विंडोज 10 बंद झालं म्हणे. नवीन त्यावर चालत नाही. भंगारात द्यायचा का हो?" बंद झालं नव्हतं, 14 ऑक्टोबरला त्याचे नेहमीचे अपडेट थांबले होते. पण चांगलं चालणारं यंत्र टाकून द्यायचं म्हणजे काय! मी म्हटलं, "थांबा, माझा पेंग्विन पाठवते." तेव्हा ठरवलं की यावर एकदा लिहायचंच.

मी 2009 पासून लिनक्स वापरते. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्यानं उबुंटूची सीडी मागवली होती. ती परदेशातून पोस्टानं घरी आली आणि एक पैसाही पडला नाही. (ही फुकट सीडी पाठवण्याची सोय 2011 मध्ये बंद झाली.) फुकट म्हटल्यावर आमच्या ह्यांना आधी संशयच आला.

मला मात्र वेगळंच आठवलं. शाळेत पहिल्यांदा आठ संगणक आले तेव्हा दुकानदारानं एकाच सीडीवरून आठही यंत्रं भरून दिली. परवाना एकाचाही नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोललं नाही, मीही नाही. आणि त्याच आठवड्यात परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं. ते अजून टोचतं.

आता थोडा इतिहास, सवय जात नाही! रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी अशी प्रणाली त्यांना हवी होती. 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्यानं तिचा गाभा लिहिला. सर्व्हरवर लिनक्सनं राज्य केलं, घरच्या टेबलावर मात्र ते पाहुणंच राहिलं. का, याचं उत्तर मला दोन गावांच्या गोष्टीत सापडतं.

पहिलं गाव जर्मनीतलं म्युनिक. 2003 मध्ये तिथल्या नगरपालिकेनं सुमारे 14,000 संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला गेले, तरी महापौर बधले नाहीत. दहा वर्षं खपून 2013 मध्ये काम पुरं झालं. 2014 मध्ये महापौर बदलले आणि 2017 मध्ये पालिकेनं पुन्हा विंडोजचा ठराव केला. बाहेरून येणारी कागदपत्रं नीट उघडत नाहीत ही तक्रार तर पहिल्यापासून होतीच. (2020 मध्ये नव्या आघाडीनं शक्य तिथं मुक्त प्रणालीच वापरायची असं परत ठरवलं!)

दुसरं गाव म्हणजे गाव नव्हे, आपलं केरळ. 2001 मध्ये तिथं 'आयटी ॲट स्कूल' सुरू झालं. सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकात विंडोजच होतं. त्यावर आक्षेप घेतला तो शिक्षकांच्या संघटनेनं! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतच ताठ बसले. मग शिक्षकांनाच शिकवून तयार केलं, शाळांसाठी मल्याळमसकट वेगळी आवृत्ती बनवली, पुढं दहावीची आयटीची प्रात्यक्षिकं त्यावरच होऊ लागली. 2006, 2011, 2016 अशी तीनदा सरकारं बदलली, पण शाळेतलं लिनक्स हललं नाही. 2017 मध्ये त्या प्रकल्पाची 'काईट' नावाची सरकारी कंपनी झाली. म्युनिकमध्ये साहेबांनी ठरवलं आणि कारकुनांनी वापरलं. केरळात मास्तरांनी हट्ट धरला. मी मास्तरीण आहे, त्यामुळे माझं मत एकांगी असेल, असो.

म्युनिकच्या कागदपत्रांची तक्रार मात्र मला जवळून ठाऊक आहे. ह्यांनी निवृत्तीनंतर आमच्या गावाची हकिगत टाइप केली होती. तलाव कधी बांधला, प्लेगात कोण कुठं राहायला गेलं, असं सगळं. 140 पानं, एका जुन्या विकतच्या मराठी फॉन्टमध्ये. हे गेल्यावर मी फाइल उघडली तर नुसती चिन्हांची खिचडी! तो फॉन्ट गेलेल्या यंत्रात, परवाना कुठं कोणास ठाऊक. अक्षरं ह्यांची, पण ती वाचायची किल्ली दुसऱ्याकडे. नशिबानं एक छापील प्रत होती. मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकले आणि रोज दोन पानं याप्रमाणे सगळं युनिकोडमध्ये परत टाइप केलं. 'दऱ्या'तला अर्धा र कुठून काढायचा हे समजायला मला तीन दिवस लागले. आता ती फाइल भाच्याच्या विंडोजवर उघडते, माझ्या लिनक्सवर उघडते, नातीच्या मोबाइलवरही उघडते.

तर जाऊबाईंकडे भाचा पेनड्राइव्ह घेऊन गेला आणि तासाभरात लिनक्स घालून आला. त्या आता पत्ते खेळतात, मुलीशी व्हिडिओवर बोलतात. "दिसायला वेगळं आहे, पण जमतं हो," म्हणाल्या. प्रिंटर मात्र अजून रुसलेला आहे. भाचा रविवारी परत जाणार आहे, बघू.